एक्सप्लेनर : पावसाचा हिशेब ग्रामसभेत! हिवरे बाजारने तक्रार सोडून नेमकं काय केलं?

टँकर आला नाही, आवर्तन सुटलं नाही, बंधाऱ्याची फाइल अडकली... उन्हाळ्यात दुष्काळी पट्ट्यातल्या कुठल्याही पारावर हेच ऐकू येतं. त्यात खोटं काही नसतं. पण जमिनीखालचं पाणी उपसतं कोण, हा प्रश्न त्या पारावर सहसा निघत नाही. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारने तो काढला.

गाव पर्जन्यछायेतलं. १९७२च्या दुष्काळानंतर डोंगर बोडके झाले, विहिरी आटल्या, तरुण मजुरीसाठी शहरात गेले, दारू वाढली. इथली बदली सरकारी नोकरांना शिक्षा वाटायची. १९८९मध्ये एम.कॉम. झालेले पोपटराव पवार सरपंच झाले.

नेमकं काय बदललं?

कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नशाबंदी, नसबंदी आणि श्रमदान ही पंचसूत्री ठरली. डोंगरावर समतल चर खोदले, बंधारे बांधले, झाडं लावली. इथवरची कामं इतर गावांतही झाली आहेत. खरी मेख पुढे आहे. शेतीसाठी बोअरवेल घ्यायची नाही आणि ऊस-केळीसारखी पाणीखाऊ पिकं लावायची नाहीत, तीही स्वतःच्याच रानात! शेजारच्या गावात उसाचे पैसे दिसत असताना हे पाळणं सोपं नाही.

त्यात भर पाण्याच्या ताळेबंदाची. पाऊस किती पडला ते गावातच मोजतात. आधी माणसांचं आणि जनावरांचं पिण्याचं पाणी बाजूला, मग पिकांचं. पाऊस कमी असेल तर रब्बीचं क्षेत्रही कमी. हे ग्रामसभेत ठरतं.

मग सरकारची जबाबदारी संपली?

अजिबात नाही. इथली कामं रोजगार हमी आणि आदर्श गाव योजनेच्या पैशांतूनही झाली. गावाने निधी मागितला, पाठपुरावा केला. ‘सरकारशिवाय बदललेलं गाव’ ही व्हॉट्सअॅपवरची कथा अर्धवट आहे. पण बंधारा मागून मिळतो, उपशावरचा लगाम तसा मिळत नाही. राज्याच्या २००९च्या भूजल कायद्यात ६० मीटरपेक्षा खोल बोअरवर निर्बंध आहेत; तरी बोअरच्या गाड्या गावोगाव फिरतातच.

हिवरे बाजारात गेलेली कुटुंबं परतली, दूधधंदा वाढला. पवारांना २०२०मध्ये पद्मश्री जाहीर झाली. बोअरबंदी मात्र उठवलेली नाही.