विसाव्याचा दिवस कोणाचा?

मिरजेकडून, हुबळीकडून आणि गोव्याकडून येणारे लोहमार्ग आमच्या लोंढ्यास एकत्र येतात. त्यामुळे येथील माणसाच्या कानास गाडीच्या आवाजाची सवय झालेली असते. केवळ गाडी पाहावयाची म्हणून कोणी मुद्दाम स्टेशनावर जात नाही. परंतु रेल्वेतून निवृत्त झालेले एक वृद्ध गृहस्थ मात्र दर रविवारी सायंकाळी नातवाचे बोट धरून येतात, फलाटाच्या टोकावरील बाकावर बसतात आणि दिवेलागणीपर्यंत गाड्या पाहतात. हाती पिशवी नाही, कोणाची वाट पाहणे नाही, कोठे जावयाचेही नाही. गावात काहीजण त्यांस ‘रिकामटेकडा’ म्हणतात.

एका रविवारी मी त्यांना गाठले. चर्चच्या आवाराचे कुंपण पावसाने कोसळले होते व मला माणसे हवी होती. मी म्हणालो, “बाबा, नुसते बसून राहण्यापेक्षा काही उपयोगाचे करावे. कुंपणाला हात लावलात तर पुण्य लागेल.” बोलून झाल्यावर माझा उपदेश माझा मलाच फार पसंत पडला.

बाबा रागावले नाहीत. ते म्हणाले, “फादर, कुंपणाला उद्या सकाळी येतो. पण आता मला बसू द्या. पस्तीस वर्षे मी गँगमन होतो. गाडी आली की बाजूला व्हायचे आणि चाकांवर नजर ठेवायची. कुठे धूर निघतो का, कुठे काही लोंबते का, एवढेच बघायचे. खिडक्यांकडे कधी बघितलेच नाही. आता बघतो.”

यावर काय बोलावे हे मला सुचेना. मी त्यांच्याशेजारी बसलो. थोड्या वेळाने गोव्याकडे जाणारी गाडी सुटली. पुढे तिनईघाट, मग कॅसलरॉक आणि तेथून सदतीस फुटांस एक फूट अशा उताराचा, बोगद्यांचा तो घाट, वाटेत दूधसागर. बाबांच्या नातवाने हात हलविला. एका खिडकीतून एका बाईने, दुसऱ्या खिडकीतून एका लहान मुलाने हात हलविला. एवढेच घडले. कोणाचे काही काम झाले नाही, कोणास एक पैसा मिळाला नाही. तरीपण आम्ही तिघेही हसत होतो.

घरी परतताना माझ्या मनात आले की, सृष्टी निर्माण केल्यावर सातव्या दिवशी परमेश्वराने विसावा घेतला, असे मीच मुलांना शिकवितो. परमेश्वर काही थकला नव्हता. जे केले ते त्याने पाहिले, त्यास ते चांगले वाटले आणि तो थांबला. मग बाबा त्या बाकावर दुसरे काय करीत होते?

आज आपणांस रविवार आयता मिळतो, म्हणून त्याची किंमत कळत नाही. मुंबईच्या गिरणी कामगारांस तो झगडून मिळवावा लागला. महात्मा फुल्यांचे सहकारी व ‘दीनबंधु’ पत्राचे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनी 1884 साली परळ येथे कामगारांच्या सभा घेतल्या आणि सुमारे साडेपाच हजार सह्यांचा अर्ज सरकारी कमिशनपुढे ठेवला. मागण्या साध्या होत्या : रविवारची सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, पहाटेऐवजी साडेसहास काम सुरू होऊन सूर्यास्तास बंद होणे आणि पगार वेळेवर. पुढे 24 एप्रिल 1890 रोजी मुंबईत सुमारे दहा हजार कामगारांची सभा भरली आणि 10 जून 1890 रोजी गिरणी मालकांच्या संघाने रविवारची सुट्टी मान्य केली. योगायोग असा की, पुढल्याच वर्षी, 1891 च्या मे महिन्यात, पोप तेरावे लिओ यांनी कामगारांच्या स्थितीविषयी जे परिपत्रक प्रसिद्ध केले, त्यातही रविवारच्या विश्रांतीचा हक्क ठासून मांडला होता.

विश्रांती घेतलेला मनुष्य सोमवारी अधिक काम करतो, असे कोणी म्हणतात. ते खरेही असेल. परंतु रविवार जर केवळ सोमवारसाठी असेल, तर तो विसावा नव्हे. ते यंत्रास तेल घालणे झाले. मनुष्य हे यंत्र नव्हे. आपल्या भागात ज्येष्ठी पौर्णिमेस बेंदूर होतो. त्या दिवशी बैलाच्या मानेवर जू ठेवीत नाहीत. त्यास न्हाऊ घालतात, शिंगे रंगवितात, गोडधोड चारतात. उद्या तो अधिक नांगरील या हिशेबाने कोणी त्याची शिंगे रंगवीत नाही. जे आपण बैलास देतो, ते स्वतःस द्यावयास मात्र आपणांस लाज वाटते!

मुलांचेही तसेच. रविवारी सकाळी शिकवणी, दुपारी शिकवणी. करवंदाच्या जाळीत शिरलेल्या मुलास आपण “वेळ वाया घालवू नकोस” म्हणून दटावतो. गंमत अशी की, ज्या ‘स्कूल’ शब्दाने आपण शाळा ओळखतो, त्याचे मूळ ग्रीक भाषेत असून त्याचा मूळ अर्थ फुरसत असाच आहे!

याचा अर्थ आळसास मोकळीक द्यावी, असा नव्हे. आळशी मनुष्य आपले काम दुसऱ्याच्या अंगावर टाकतो. विसावा घेणारा आपले काम करून मग बसतो. बाबा सोमवारी सकाळी सांगितल्याप्रमाणे कुंपणास आले होते. तथापि येथेच एक प्रश्न मनास टोचतो.

त्या सायंकाळी बाकावरून उठताना मी सहज विचारले होते, “आजीबाई कोठे आहेत?” बाबा म्हणाले, “घरी. भाकऱ्या थापीत असेल.” आणि मग आम्ही दोघेही गप्प झालो.

वाचकहो, गिरण्या रविवारी थांबल्या. चूल थांबली काय? मिस्सा आटोपून आपण पुरुषमंडळी गप्पा मारीत बसतो, पाहुणे येतात, रस्सा शिजतो. घरच्या माउलीचा रविवार मात्र सोमवारपेक्षाही जड जातो. विसाव्याच्या दिवशी दास-दासींनीच नव्हे, तर बैल-गाढवांनीही विसावा घ्यावा, अशी परमेश्वराची आज्ञा आहे. त्या आज्ञेतून आपल्या आईस व पत्नीस वगळण्याचा अधिकार आपणांस कोणी दिला? एकाचा विसावा दुसऱ्याच्या पाठीवर उभा असेल, तर त्यास रविवार कसे म्हणावे?

पुढल्या रविवारी मी पुन्हा स्टेशनाकडे गेलो. बाकावर बाबा होते, नातू होता आणि त्यांच्याशेजारी, पदर सावरून, काहीशा संकोचाने आजीबाई बसल्या होत्या. हातांचे काय करावे हे त्यांना कळत नव्हते.

मी विचारले, “मग आज जेवणाचे कसे?”

“सकाळच्या भाकऱ्या आहेत, फादर,” त्या म्हणाल्या, “आज शिळ्याच खाऊ.”

इतक्यात हुबळीकडची गाडी आली, आणि नातवाच्या आधी आजीबाईंनीच हात हलविला.