एक ज्वर, चार विषाणू

गोंदिया जिल्ह्याच्या देवरी तालुक्यातील चिचगडचा परिसर म्हणजे जंगल, धानाच्या बांध्या आणि बोड्या यांचा प्रदेश. येथे भाद्रपद-आश्विनात ज्वराचा रुग्ण आला की वैद्याच्या मनात प्रथम हिवताप येतो, आणि ते स्वाभाविकच आहे. परंतु रक्ततपासणीत हिवतापाचे जंतू सापडत नाहीत, डोळ्यांच्या मागे ठणका आहे, अस्थिसंधी मोडल्यासारखे दुखत आहेत, अंगावर लालसर पुरळ उठला आहे, अशा रुग्णाकडे ‘साधा ताप’ म्हणून पाहणे धोक्याचे आहे. आयुर्वेदीय लेखनात डेंग्यूला ‘दंडक ज्वर’ म्हणण्याचा प्रघात आहे. नाव एक असले, तरी त्या नावामागील विषाणू एक नाही. आणि चिकित्सकाच्या दृष्टीने हाच सर्वांत महत्त्वाचा मुद्दा आहे, असे आम्हांस वाटते.

विषाणूची घडण

डेंग्यूच्या विषाणूचे जनुकद्रव्य म्हणजे आर.एन.ए.चा एकच धागा. त्यात सुमारे 10,700 अक्षरे असतात. या धाग्यावरून प्रथम एक लांबलचक प्रथिन तयार होते आणि त्याचे तुकडे होऊन दहा प्रथिने बनतात. त्यांपैकी तीन विषाणूचे शरीर घडवितात. उरलेली सात त्याच्या पुनरुत्पादनाची कामे पाहतात. या सातांपैकीच एक एन.एस.1. ते रुग्णाच्या रक्तात उतरते, म्हणून ज्वराच्या पहिल्या पाच दिवसांत त्याची तपासणी उपयोगी पडते. त्यानंतर आय.जी.एम. प्रतिपिंडांची तपासणी अधिक विश्वसनीय ठरते.

धाग्याची नक्कल करणाऱ्या प्रथिनाला आपली चूक दुरुस्त करता येत नाही. त्यामुळे प्रत्येक पिढीत काही अक्षरे बदलतात. बहुतेक बदल निरुपयोगी ठरतात, काही टिकतात, आणि त्यांतून विषाणूची निरनिराळी कुळे निर्माण होतात. डेंग्यूचे मुख्य प्रकार चार. त्यांच्या प्रथिनांत परस्परांशी सुमारे एक तृतीयांश फरक आढळतो. प्रत्येक प्रकारात पुन्हा जनुकीय उपप्रकार आहेत.

दुसऱ्या संसर्गाचा धोका

एका प्रकाराचा संसर्ग होऊन गेला की त्या प्रकाराविरुद्ध दीर्घकाळ टिकणारे संरक्षण मिळते. इतर तिघांविरुद्धचे संरक्षण मात्र काही महिनेच टिकते. पुढे दुसऱ्या प्रकाराचा विषाणू शरीरात आला, तर जुनी प्रतिपिंडे त्याला चिकटतात. पण नष्ट करू शकत नाहीत. उलट, त्यांच्याच आधाराने विषाणू रक्तातील पेशींत सुलभतेने शिरतो. डॉ. स्कॉट हॉलस्टेड यांनी थायलंडमधील बालरुग्णांच्या अभ्यासातून हा विचार पुढे आणला. क्यूबात 1977 साली पहिल्या प्रकाराची साथ आली, तेव्हा आजार सौम्य होता. 1981 साली दुसरा प्रकार आला आणि 158 रुग्ण दगावले.

परंतु केवळ क्रमाने सर्व उलगडा होत नाही. कुळही पाहावे लागते. पेरू देशातील इकितोस नगरात पहिल्या प्रकाराच्या साथीनंतर 1995 साली दुसरा प्रकार पसरला, तरी रक्तस्रावी ज्वराची लाट आली नाही. तेथील विषाणू ‘अमेरिकन’ या उपप्रकाराचा होता. आपल्या देशाशी याचा निकटचा संबंध आहे. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेतील संशोधकांनी 1956 ते 2005 या काळातील भारतीय नमुने तपासले. त्यांत असे दिसले, की 1971 पूर्वी भारतात दुसऱ्या प्रकाराचा हाच ‘अमेरिकन’ उपप्रकार प्रामुख्याने होता; पुढे त्याची जागा ‘कॉस्मोपॉलिटन’ उपप्रकाराने घेतली. दिल्लीत 1996 साली आलेल्या भीषण साथीत दुसऱ्याच प्रकाराचा विषाणू होता, आणि चारशेहून अधिक रुग्ण मृत्यू पावले. पुण्यात चौथा प्रकार सुमारे तीस वर्षांच्या खंडानंतर पुन्हा आढळला, तेव्हा त्याच्याशी संबंधित दोन रुग्ण गंभीर होते. ही नोंद 2011 साली प्रसिद्ध झाली.

तेव्हा ‘आमच्या गावात डेंग्यू येऊन गेला, आता भय नाही’ हे समाधान खोटे आहे. पूर्वी झालेल्या आजाराविषयी रुग्णास अवश्य विचारावे. मात्र नकारार्थी उत्तराने निश्चिंत होऊ नये. बहुसंख्य लोकांना पहिला संसर्ग जाणवतही नाही.

प्रसाराचा मार्ग

एडिस इजिप्ती हा डास आयुष्यभरात काहीशे मीटरच्या पलीकडे सहसा जात नाही. दूरचा प्रवास विषाणू माणसाच्या रक्तातून करतो. तिसऱ्या प्रकाराचे एक कुळ भारतीय उपखंडातून 1980 च्या दशकात आफ्रिकेत व 1990 च्या दशकात लॅटिन अमेरिकेत पोहोचल्याचे जनुकीय तुलनेवरून दिसून आले. तेथे चिचगडचे अंतर ते किती? मुंबई-कोलकाता महामार्ग देवरीवरून जातो. नागपूर वा रायपूर येथून ज्वर घेऊन परतलेला एक मनुष्य गावात शिरला, आणि घरात डास तयार असला, की सुमारे आठ ते बारा दिवसांत तो डास दुसऱ्यास बाधा करण्यास समर्थ होतो.

हा डास धानाच्या बांधीत वा बोडीत वाढत नाही. त्याला घरातील स्वच्छ, साठलेले पाणी हवे : रांजण, सिमेंटची टाकी, उन्हाळा सरल्यावर तसाच राहिलेला कूलर, अंगणातील टायर, करवंटी. जंगलालगत बांबूच्या खुंटांत व झाडांच्या ढोलीत त्याचा भाऊबंद एडिस अल्बोपिक्टस वाढतो. एडिसची अंडी भांड्याच्या कोरड्या कडेला चिकटून महिनोन्महिने टिकतात. म्हणून पाणी ओतून देणे पुरेसे नाही, आठवड्यातून एकदा भांडे आतून घासले पाहिजे. हा डास दिवसा चावतो. त्यामुळे रुग्णास दिवसाही मच्छरदाणीत ठेवावे, अन्यथा एका घरातून शेजारची घरे बाधित होतात.

चिकित्सकाचे कर्तव्य

ज्वरात प्रथम लंघन हे आपले सूत्र. तथापि डेंग्यूमध्ये केशवाहिन्यांतून द्रव झिरपून जातो आणि त्यातूनच मूर्च्छा व मृत्यू ओढवतात. म्हणून येथे लंघनाचा अर्थ निर्जल उपवास असा कदापि करू नये. चरकांनीच ज्वरात पेया व षडंगपानीय सांगितले आहे. आपल्या भागात घरोघरी होणारी तांदळाची पेज या वेळी मोलाची आहे. वमन-विरेचनादी शोधनकर्म टाळावे. ॲस्पिरिन, आयब्युप्रोफेन यांसारखी वेदनाशामके रुग्ण परस्पर घेत नाही ना, हे विचारावे. पपईच्या पानांच्या रसाने प्लेटलेट वाढल्याचे काही अभ्यासांत दिसले आहे. परंतु त्याने मृत्यू टळतो असे सिद्ध झालेले नाही. त्या भरवशावर रुग्णास घरी ठेवणे हा अपराध ठरेल.

सर्वाधिक सावधगिरी ज्वर उतरताना हवी. तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान ताप ओसरतो, घरची माणसे निर्धास्त होतात, आणि नेमका तोच काळ घातक असतो. तीव्र उदरशूल, वारंवार वांती, हिरड्यांतून वा नाकातून रक्त, अत्यंत ग्लानी वा अस्वस्थता, हातपाय थंड पडणे, मूत्र कमी होणे, यांपैकी एकही लक्षण दिसताच रुग्णास विनाविलंब रुग्णालयात पाठवावे. चिचगडच्या पलीकडील पाड्यांतून निघालेल्या रुग्णासाठी प्रवासाचे तास मोलाचे असतात. म्हणून वाहनाची सोय कोणती, हे चौथ्याच दिवशी विचारून ठेवावे.

विमानस्थानाच्या तिसऱ्या अध्यायात भगवान आत्रेयांनी जनपदोद्ध्वंसाची कारणे सांगताना वायू, उदक, देश व काल यांचा निर्देश केला आहे. भिन्न प्रकृतीची माणसे एकाच वेळी एकाच व्याधीने का ग्रस्त होतात, हा अग्निवेशाचा प्रश्न होता. विषाणूच्या कुळांचा शोध घेणारे शास्त्रही त्याच प्रश्नाचे उत्तर शोधीत आहे. या चारांपैकी काल आपल्या हाती नाही. उदक मात्र आहे. ते प्रत्येक घराच्या रांजणात आहे. नाडी पाहून झाल्यावर वैद्याने त्या रांजणातही एकदा डोकावून पाहावे, एवढीच आमची विनंती.