एका तुकड्यावरचे आकडे

हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटावर २९ जुलै २०१५ रोजी किनाऱ्याची सफाई करणाऱ्यांना विमानाच्या पंखाचा एक मोठा तुकडा सापडला. त्यावर बार्नेकल दाटीने चिकटले होते, म्हणजे तो बराच काळ समुद्रात तरंगत होता. जवळजवळ सतरा महिन्यांपूर्वी, ८ मार्च २०१४ रोजी, क्वालालंपूरहून बीजिंगला निघालेलं एमएच३७० हे बोइंग ७७७ विमान २३९ जणांसह नाहीसं झालं होतं. त्यात पाच भारतीयही होते.

तुकड्याच्या आत ‘६५७ बीबी’ अशी अक्षरं होती. विमानाचे भाग ठरलेल्या क्रमांकांनी ओळखले जातात. सहाशेच्या घरातले क्रमांक उजव्या पंखाचे. त्यामुळे हा बोइंग ७७७च्या उजव्या पंखाचा फ्लॅपरॉन, म्हणजे मागच्या कडेचा हलता भाग, हे लवकर कळलं. पण सोसायटीच्या प्रत्येक इमारतीत ३०२ नंबरचा फ्लॅट असतो, तसा हा क्रमांक प्रत्येक ७७७वर असतो. नेमकं विमान सांगू शकणारी ओळखपट्टी तेवढी गळून पडली होती.

मलेशियाच्या पंतप्रधानांनी आठवड्याभरातच हा तुकडा एमएच३७०चाच असल्याचं जाहीर केलं. फ्रेंच सरकारी वकील मात्र ‘दाट शक्यता’ एवढंच म्हणून थांबले. नातेवाइकांसाठी ते थांबणं जीवघेणं होतं, तरीही तेच योग्य होतं. तुलूझच्या प्रयोगशाळेत तुकड्याच्या पोकळीत एंडोस्कोप घालून आतले क्रमांक वाचले गेले. हा भाग बनवणाऱ्या स्पेनमधल्या कंपनीच्या तंत्रज्ञाने त्यातला एक क्रमांक नोंदींशी जुळवला आणि ३ सप्टेंबरला खात्री झाली.

मोझांबिकमध्ये मिळालेल्या ‘६७६ ईबी’ लिहिलेल्या तुकड्याची कथा आणखी बारीक आहे. तिथे साक्ष दिली ती अक्षरांच्या वळणाने! ती अक्षरं बोइंगच्या कारखान्यातल्या छापाची नव्हती, मलेशियन एअरलाइन्स वापरत असलेल्या स्टेन्सिलशी मात्र जुळत होती.

टांझानियाच्या पेम्बा बेटावर २०१६च्या जूनमध्ये सापडलेल्या फ्लॅपने तर तारीखच सांगितली : २३ जानेवारी २००२. त्यावरचे क्रमांक इटलीतल्या उत्पादकाने तपासले. हा फ्लॅप बोइंगच्या ४०४व्या ७७७साठी पाठवलेला होता, आणि तेच विमान पुढे एमएच३७० म्हणून उडालं. क्रमांकांनी विमान ओळखून दिल्यावर तपासनीसांनी फ्लॅपच्या आतल्या खुणा पाहिल्या. ऑस्ट्रेलियाच्या वाहतूक सुरक्षा संस्थेच्या मते, पंखापासून तुटला तेव्हा तो बहुधा आत ओढलेल्या, म्हणजे उतरण्यासाठी न उघडलेल्या, स्थितीत होता.