रस्ता-सुरक्षा यंत्रणेची घडण : परिषदेपासून मंडळापर्यंत

रस्त्यावरील अपघातास केवळ दैव वा चालकाचा दोष कारण नसतो. त्यास शासनव्यवस्थेची रचनाही पुष्कळ अंशी कारणीभूत असते. उस्मानपुऱ्यातील एखादा चौक उदाहरणादाखल घेऊ. तेथील वाहतुकीचे नियमन पोलिस आयुक्तालयाकडे, रस्त्याची देखभाल महानगरपालिका वा बांधकाम खात्याकडे, चालकाचा परवाना प्रादेशिक परिवहन कार्यालयाकडे आणि जखमींची शुश्रूषा बहुधा घाटी रुग्णालयाकडे. या खात्यांस एकत्र जोडणारा दुवा कोणता, या प्रश्नाचे उत्तर शोधण्याचे जे प्रयत्न देशपातळीवर झाले, त्यांचा मागोवा प्रस्तुत लेखात घ्यावयाचा आहे.

१९३९ च्या मोटार वाहन कायद्याचा भर नोंदणी, परवाने व नियमन यांवर होता. १ जुलै १९८९ पासून अमलात आलेल्या १९८८ च्या कायद्याने कलम २१५ अन्वये राष्ट्रीय परिषद, राज्य परिषद व जिल्हा समिती अशी त्रिस्तरीय रचना प्रथमच सुचविली. परंतु या संस्था स्थापन करणे सरकारच्या इच्छेवर सोपविलेले होते, आणि त्यांची कार्येही सरकारने ठरवून द्यावयाची होती. स्वतःचा कर्मचारीवर्ग वा निधी यांची तरतूद त्या कलमात नव्हती.

ही उणीव ओळखून २००५ मध्ये नेमलेल्या सुंदर समितीने २००७ च्या अहवालात स्वतंत्र वैधानिक मंडळाची शिफारस केली. २०१० मध्ये राष्ट्रीय रस्ता सुरक्षा धोरण मंजूर झाले आणि त्याच वर्षी मंडळाचे विधेयक लोकसभेत मांडण्यात आले. तथापि त्याचे कायद्यात रूपांतर झाले नाही.

विधिमंडळाच्या मार्गाने जे घडले नाही, त्यास न्यायालयाच्या मार्गाने चालना मिळाली. कोईमतूर येथील अस्थिशल्यचिकित्सक एस. राजसेकरन यांच्या २०१२ च्या याचिकेवरून सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१४ मध्ये न्यायमूर्ती के. एस. राधाकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. ३० नोव्हेंबर २०१७ च्या निर्णयाने प्रत्येक राज्यात परिषदेचे सचिवालय म्हणून काम करणारी प्रमुख यंत्रणा आणि जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा समिती असावी, असे निर्देश दिले. परिषद अधूनमधून भरते, तर सचिवालय नित्य चालते; या निर्णयाचे महत्त्व या भेदात आहे.

२०१९ च्या दुरुस्तीने कलम २१५-ब अन्वये राष्ट्रीय मंडळाची तरतूद झाली. सप्टेंबर २०२१ च्या नियमांनुसार त्यात अध्यक्ष व तीन ते सात सदस्य असावयाचे आहेत. मात्र मंडळाचे कार्य सल्ला देण्याचे आहे. अमेरिकेत १९६६ च्या कायद्यांतून निघालेली यंत्रणा १९७० मध्ये राष्ट्रीय महामार्ग वाहतूक सुरक्षा प्रशासन या नावाने स्थिरावली. तिला वाहनांची मानके ठरविण्याचा व सदोष वाहने परत मागविण्याचा अधिकार आहे. आपल्याकडे सदोष वाहने परत मागविण्याचा अधिकार २०१९ च्याच दुरुस्तीने आला, परंतु तो मंडळास न देता केंद्र सरकारकडे ठेवण्यात आला.

हा केवळ रचनेचा वाद नव्हे. २०२२ साली देशात रस्ते-अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. ऑक्टोबर २०२३ मध्ये आपल्याच जिल्ह्यात, वैजापूरजवळ समृद्धी महामार्गावर, एका अपघातात १२ प्रवासी दगावले. तेथे रस्ता रस्ते विकास महामंडळाचा, तपास पोलिसांचा आणि वाहनांची तपासणी परिवहन विभागाची. प्रत्येक खात्याने आपापला अहवाल दिला, तरी त्यांतून एकत्रित निष्कर्ष काढून तो अमलात आणण्याची जबाबदारी कोणाची, हे निश्चित असल्याखेरीज पुढील अपघात टळणार नाही.

सारांश, परिषद, समिती, प्रमुख यंत्रणा व मंडळ अशी संस्थांची संख्या वाढत गेली, परंतु अधिकार त्या प्रमाणात वाढले नाहीत. ज्या संस्थेस केवळ सल्ला देता येतो, तिजकडून परिणामांचा जाब घेता येत नाही. लोकप्रशासनाच्या अभ्यासकांनी या प्रश्नाची परीक्षा जिल्हा समितीपासून आरंभावी. तिच्या बैठकांत कोणते निर्णय झाले आणि त्यांपैकी किती प्रत्यक्ष रस्त्यावर उतरले, यांचा ताळा घातल्यास यंत्रणेचे खरे बळ दिसून येईल.