मुंबई ते गोवा शिडावर : ऐकीव गोष्टी आणि खरा समुद्र

शिडाची होडी वारा नेईल तिकडे जाते, ही समजूत सगळ्यांत चिवट. प्रत्यक्षात तिला फक्त थेट वाऱ्याच्या तोंडावर जाता येत नाही. वाऱ्याशी साधारण 45 अंशांचा कोन धरून, कधी डावीकडे कधी उजवीकडे वळत, ती वाऱ्याविरुद्धही पुढे सरकते. वेळ मात्र खाते. कोकणात थंडी-उन्हाळ्यात दुपारनंतर वायव्येकडून खारा वारा सुटतो, रात्री जमिनीवरून मतलई. म्हणजे गोव्याकडे जाताना वारा पाठीशी आणि परतताना तोच नाकासमोर. जाण्याच्या हिशेबानं परतीची रजा मांडणारे हमखास फसतात. मुंबई ते पणजी अंतर दोनशेच्या वर सागरी मैल, आणि वेग ताशी पाच, म्हणजे सायकलीइतका. सकाळी वारा पडला की जुनेजाणतेही निमूटपणे इंजिन लावतात. त्यात कमीपणा कसला?

‘किनारा दिसतोय तोवर भीती नाही.’ हा गैरसमज खरा घातक. खोल पाण्यात होडीला आपटायला काही नसतं. खडक, वाळूचे दांडे आणि जाळी असतात ती किनाऱ्यालगत. सिंधुदुर्गाभोवतालचे खडक मालवणच्या तांडेलाला तोंडपाठ असतात, पाहुण्याला नाही. 17 जुलै 1947 रोजी रेवसला निघालेली रामदास बोट मुंबईजवळच बुडाली आणि सहाशेच्या वर माणसं गेली.

खाडीचं मुख तर आणखी फसवं. तिथल्या वाळूचा दांडा दर पावसाळ्यात जागा बदलतो, आणि शिडाच्या होडीच्या तळाची कील दीड-दोन मीटर खाली असते. ओहोटीचं पाणी बाहेर धावत असताना समोरून लाट आली की ती दांड्यावर उभी राहून फुटते. म्हणून आत शिरायचं ते चढत्या भरतीला. चुकून रुतलात तरी पाणीच उचलतं. ओहोटीत रुतलात तर होडी कुशीवर टाकून तासन्‌तास बसा! भरतीची वेळ काढायला किनाऱ्यावरचा जुना ठोकताळा आहे: तिथीची पाऊणपट. पंचमीला पूर्ण भरती पावणेचारच्या सुमाराला, पूर्ण ओहोटी साधारण सहा तासांनी. अंदाजाला उत्तम, दांडा ओलांडताना मात्र छापील तक्ता हवाच. मुंबईत उधाणाला पाणी चार-पाच मीटर चढतं-उतरतं, गोव्यात जेमतेम दोन.

नांगर वजनानं होडी धरतो, असंही मानलं जातं. तो धरतो रुतून, आणि ओढ आडवी असेल तरच रुततो. त्यासाठी दोर सैल सोडावा लागतो, खोलीच्या निदान पाचपट, आणि खोली भरतीची धरायची. ओहोटीत 4 मीटर पाणी पाहून 20 मीटर दोर सोडला आणि रात्री पाणी 6 मीटर झालं, की नांगर उपटून होडी शेजारच्या ट्रॉलरला भेटायला निघते. चिखलात नांगर छान बसतो, कातळावर घसरतो.

नारळी पौर्णिमेला समुद्र शांत होतो, ही श्रद्धा म्हणून ठीक. कोळी दर्यावर उतरतात ते पोटासाठी आणि पिढ्यांच्या अनुभवावर. हौशी माणसानं नोव्हेंबरपर्यंत थांबावं. तेव्हाही हवामानाचा इशारा ऐकायचाच. फयान वादळ आलं ते 2009 च्या नोव्हेंबरातच.

बोट लागणं हा कमकुवतपणा नव्हे. खाली केबिनमध्ये वाचत बसलेल्याला ती आधी लागते. त्याला वर बोलवा, सुकाणू हातात द्या आणि क्षितिजाकडे बघायला सांगा. बहुतेकदा फरक पडतो.

राहता राहिला मुक्काम. जेटीला होडी बांधली की झालं, असं वाटतं. पण कोकणातल्या जेट्या मच्छीमारांच्या कामाच्या. तिथे होडी अडकवून जेवायला गेलात तर शिव्या खाल, आणि पाणी उतरल्यावर दोराला लोंबकळणारी होडी बघाल. होडी बाहेर नांगरावर ठेवून छोट्या डिंगीनं उतरावं. हर्णैला संध्याकाळचा मासळीचा लिलाव बघायचा असेल तर डिंगी भरतीच्या रेषेवर ओढून बांधा, आणि परतायला ओहोटी असेल तर चिखल तुडवायची तयारी ठेवा. पापलेट खरेदी करून मग.