वास्तू वाचवायची, मग वापरायचीही

आपल्या मंडळाच्या जुन्या सभागृहाविषयी सध्या दोनच मतं ऐकू येतात. एक, पाडून कॉम्प्लेक्स बांधा. दुसरं, काहीही झालं तरी हात लावू नका. मला वाटतं, आपल्या हैदराबादेतच याचं उत्तर सापडतं.

पंजागुट्टा ते खैरताबाद मेट्रोने जाताना इर्रम मंझिल लागतं. नवाब फख्र-उल-मुल्क यांनी बांधलेला हा महाल पाडून तिथे नवी विधानसभा बांधायचं राज्य सरकारने २०१९ मध्ये ठरवलं. वारसाप्रेमी नागरिक आणि नवाबांचे वंशज उच्च न्यायालयात गेले. १६ सप्टेंबर २०१९ रोजी न्यायालयाने मंत्रिमंडळाचा निर्णय रद्द केला आणि महाल वाचला. पण न्यायालय भिंती वाचवतं, त्यांच्यात माणसांची वर्दळ आणू शकत नाही.

ती कशी येते, हे सिकंदराबादच्या बन्सीलालपेटेत दिसतं. आपण जिला बारव म्हणतो, ती इथली मेट्ल बावी, सुमारे ५३ फूट खोल. वर्षानुवर्षं कचरा आणि राडारोडा पडून ती बुजली होती. २०२१ मध्ये वास्तुविशारद कल्पना रमेश यांच्या 'द रेनवॉटर प्रोजेक्ट'ने महापालिकेला आणि स्थानिक लोकांना सोबत घेऊन ती उपसायला घेतली. गाळ निघाला, झरे मोकळे झाले, पायऱ्या दिसू लागल्या. ५ डिसेंबर २०२२ रोजी ती लोकांसाठी खुली झाली. आज लोक मुद्दाम ती पाहायला जातात. जिथे माणसं येतात, तिथे कचरा टाकायला हात धजावत नाही.

आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यातही हेच दिसतं. जे कोणी वापरत नाही, त्याची दुरुस्ती कोणी करत नाही. आपलं सभागृह गळतं हे खरं, पण वर्षातून गणेशोत्सव आणि कोजागिरी सोडली तर आपण तिथे जातो कधी?

म्हणून माझी सूचना साधी आहे. आधी स्ट्रक्चरल ऑडिट करून घेऊ, म्हणजे वाद अंदाजावर होणार नाही. इमारत धड निघाली तर शनिवारी मुलांचा मराठी वर्ग आणि संध्याकाळी अभ्यासिका सुरू करू. दर रविवारी सकाळचे दोन तास मी देतो. तरुण मंडळींपैकी आणखी चौघं पुढे आली, तर पुढच्या सभेत पाडण्याआधी वापरण्याचा प्रस्ताव मांडता येईल.