आमेर : डोंगरावरची ठेव

बदलीची नोकरी माणसाला कोठे नेऊन ठेवील, याचा नेम नसतो. माझी बदली जयपूरच्या सोडाला भागात झाली, तेव्हा नकाशावर मी प्रथम शोधले ते आमेर. मराठी माणसाला हे घराणे शाळेपासून परिचित असते. १६६५ साली पुरंदरचा तह घडवून आणणारे मिर्झाराजे जयसिंग आमेरचे. १६६६ मध्ये आग्र्यात शिवाजी महाराजांसाठी बादशहाकडे जामीन राहिलेले कुंवर रामसिंग हे त्यांचे पुत्र. महाराज निसटले आणि रामसिंगांना दरबारबंदी सोसावी लागली. जामीनदारांच्या सह्या रोज पाहणाऱ्या माझ्यासारख्याला या जामिनकीचे मोल निराळे सांगायला नको!

हिवाळ्यात आई साताऱ्याहून आली आणि आम्ही निघालो. मेट्रोने बडी चौपड, तेथून बसने आमेर. अरवलीच्या कुशीत मावठा सरोवर, वर पिवळसर दगडाचा राजवाडा आणि पलीकडे विसावलेले जुने गाव. १७२७ मध्ये सवाई जयसिंगांनी जयपूर वसवले व राजधानी खाली मैदानात गेली. आमेरचे देव मात्र डोंगरावरच राहिले.

राजवाड्याच्या जलेब चौकातून पायऱ्या चढल्या की शिलादेवीचे मंदिर लागते. राजा मानसिंगांनी सतराव्या शतकाच्या आरंभी ही मूर्ती बंगालमधील जेसोरहून (आता बांगलादेशात) आणली, असे परंपरा सांगते. चांदीच्या दारांवर दुर्गेची रूपे कोरलेली आहेत. गाभाऱ्यासमोर उभी राहताच आईने ओटीचा नारळ पुढे केला. “तुळजापूरच्या भवानीचीच आठवण झाली बघ,” ती म्हणाली.

बहुतेक पर्यटक शीशमहाल पाहून येथूनच परततात. आम्ही मात्र गावात उतरलो. जगत शिरोमणी मंदिराच्या पायऱ्यांशी संगमरवरी तोरण व दगडी हत्ती आहेत. समोर नक्षीदार मंडपात गरुड हात जोडून बसला आहे. आत श्रीकृष्णासोबत मीराबाईंची मूर्ती आहे. ही कृष्णमूर्ती मीराबाईंच्या पूजेतील असून चितोडहून आणली, अशी येथील श्रद्धा आहे. मानसिंगांचा पुत्र जगतसिंग १५९९ साली निवर्तला. त्याच्या स्मरणार्थ राणी कनकावतीने हे मंदिर उभारले. काम १६०८ पर्यंत चालले.

गुडघे दुखतात म्हणून आई पायरीवर टेकली होती. तिने विचारले, “तो गादीवर बसला होता का रे?”

“नाही. वडिलांच्या आधीच गेला.”

ती बराच वेळ तोरणाकडे पाहत राहिली. आमच्या दादाला जाऊन नऊ वर्षे झाली. त्याच्याविषयी घरात सहसा कोणी बोलत नाही. “नऊ वर्षे दगड घडवून घेत होती म्हणायची बिचारी,” एवढेच आई म्हणाली. उठताना तिने पुजाऱ्यांच्या हाती दादाच्या नावाने दक्षिणा ठेवली.

पुढे पन्ना मीना कुंडाच्या रेखीव पायऱ्या पाहून आम्ही अंबिकेश्वर महादेवाला गेलो. येथील शिवलिंग जमिनीच्या पातळीखाली आहे. आमेर हे नाव या देवावरून पडले, असे अनेक जण मानतात. काही जण ते अंबामातेशी जोडतात.

राजस्थानच्या डोंगरी किल्ल्यांपैकी एक म्हणून आमेरला २०१३ मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. हा मान मोठाच. परंतु गावातील देवळांत दिवा लागतो तो रोज सकाळी दार उघडणाऱ्या माणसांमुळे. ठेव नुसती ठेवून भागत नाही, तिच्याकडे कोणी तरी जाऊन पाहावे लागते, हे आम्हा बँकवाल्यांना वेगळे सांगणे न लगे.

वाचकहो, जयपूरला याल तेव्हा आमेरसाठी सकाळ राखून ठेवा, कारण दुपारी देवळे बंद असतात. आणि राजवाडा पाहून परत फिरू नका. खाली गावात उतरा. कनकावतीच्या त्या पायऱ्यांवर क्षणभर बसा.

परतीच्या बसमध्ये आई दादाच्या लहानपणीच्या गोष्टी सांगत होती. कितीतरी वर्षांनी.